उतरण्याआधी गायलेलं आख्यान

कल्पना चावला गेली त्या सांजेला तुम्ही कुठं होता, असं गडहिंग्लजच्या त्या पेठेत कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं. "कीर्तनात हुतो की!" मग ज्याची त्याची गोष्ट सुरू होते. कुणी नंदीला पाठ लावून बसलेला, कुणी लाईट गेली म्हणून गॅसबत्तीला हवा भरत होता. बयाबाई टाळ धरून पुढं होती. शालूबाई तर त्या दिवशी माहेरी मुरगूडला गेली होती, पण तीसुद्धा आता छातीवर हात ठेवून सांगते, "मी हुते बाई, माझ्या डोळ्यांम्होरं झालं." लोक हसतात आणि तिला कीर्तनात धरून घेतात. एवढ्या मोठ्या दुःखाच्या वेळी आपण बिस्किटं खात माहेरी बसलो होतो हे सांगायला कुणाला आवडेल?

उत्तर द्यायला चाचरत ते फक्त महालिंगअप्पा. ते देवळातही होते आणि देवळाबाहेरही.

महालिंगअप्पांचं बाजारात दोरखंडाचं दुकान. कासरे, चऱ्हाटं, पोती. दिवसभर हाताला काथ्या टोचायचा आणि सांज झाली की तेच हात देवळातल्या पेटीवर लोण्यासारखे फिरायचे. दर अमावास्येला महादेवाच्या देवळात कीर्तन असे, आणि पेठेचा नेम असा की काही झालं तरी अवस चुकवायची नाही. संकेश्वराकडचे निंगय्याबुवा यायचे. ते उभे राहिले आणि त्यांनी पहिला षड्ज लावला, की समोरच्या माणसाच्या डोक्यातला दिवसभराचा हिशेब आपोआप विरून जायचा.

त्या देवळात एक रीत आहे. कीर्तन संपून आरती झाली की बुवा गादीवरूनच येईल त्याच्या कपाळाला विभूती लावतात. विभूती लावून घेताना माणूस जो शब्द बोलेल तो मोडायचा नाही. इथं तंबाखू सुटली आहे, बांधावरून भांडलेले सख्खे भाऊ इथं बोलायला लागले आहेत. कोर्टात फिरलेली माणसं पेठेनं पाहिली आहेत. गादीसमोर फिरलेला अजून कुणी पाहिलेला नाही.

आणि त्या दिवशी अप्पांची बायको, महादेवीअक्का, गादीसमोर शब्द देणार होत्या.

गोष्ट त्यांच्या लेकीची, विद्याश्रीची. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली ही पोर बंगळूरला विमानांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून निवडली गेली होती. सोमवारी हजर व्हायचं, म्हणजे रविवारी सकाळी गाडी धरायलाच हवी. अप्पांनी पेढे वाटले. अक्कांनी एक पेढा उचलला, देवापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो नेवैद्य. माझा व्हकार न्हवं."

"अगं, विमान उडवाय न्हाय चालली ती. खाली ऱ्हाऊनच काम हाय."

"उडत्या वस्तूचं खाली काय न्हाय वर काय. जमिनीवरची कामं संपली व्हय जगातली? बिद्रीला साखर कारखाना हाय, तिथं मशीन न्हाईत?"

विद्याश्री दोघांकडं बघत राहायची. आईच्या शब्दाबाहेर ती जाणार नव्हती, आणि आई हलत नव्हती. पंधरा दिवस घरात हेच. तेव्हा अप्पांना एक कल्पना सुचली. बायकोला ते नीट ओळखून होते. घरातलं कुणाचं ऐकणार नाही, पण गादीवरून आलेला शब्द ती देवाचा मानते. पेपरात रोज त्या कल्पनाचं येत होतं. करनालची पोर, आकाशात गेली, आता आणखी सहा जणांबरोबर दुसऱ्यांदा गेली, शनिवारी उतरणार. अप्पांनी सायकल काढली आणि बुवांचं घर गाठलं.

"आख्यान लावा बुवा तिचं. आमच्या बाईसाठी."

बुवांनी त्यांना बसायला पाट दिला. मग म्हणाले, "अप्पा, आख्यान झाल्या गोष्टीचं लावत्यात. पुरं झालेल्याचं. ही तर आजून वरच हाय."

"शनवारी सांजेलाच उतरतीया की. तुमी आख्यानाला लागूस्तर तिकडं पाय टेकतील बगा तिचं."

"आनि न्हाय टेकलं तर?"

"असं काय अभद्र बोलतासा?"

बुवांना भीड पडली. इतक्या वर्षांचा पेटीवाला. त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी आख्यान बांधलं.

फेब्रुवारीची पहिली तारीख. शनिवार, पौषातली अवस. दिवेलागणीला पेठेतली वीज गेली ती गेलीच, तरी देऊळ भरलं. महादेवीअक्का बायकांत पुढं बसल्या होत्या, शेजारी विद्याश्री. निघताना त्यांनी अप्पांना बजावलं होतं, "ऐकते म्हणलंय, ऐकणार. इबूत लावून घेताना काय ते बोलीन. तवर माझ्याकडं सारखं बगू नगासा, पेटी चुकंल."

पूर्वरंग छान रंगला. मध्यंतर झालं, बुवांना हार घातला गेला, आणि बयाबाईच्या पुढारपणाखाली बायकांनी टाळांवर गाणं धरलं. त्यांना पेटी लागत नसे. तेवढ्या वेळात घसा ओला करून यावा म्हणून अप्पा चपला अडकवून बाहेर पडले. देवळासमोर मुनव्वरचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सगळ्या पेठेत अंधार, पण मुनव्वरनं मोटारीच्या बॅटरीवर एक छोटा टीव्ही लावला होता आणि तो एकटाच त्याच्यापुढं उभा होता. बसलेला नव्हता, उभा होता. अप्पांना तेवढ्यावरूनच काहीतरी बोचलं.

"काय रं, मॅच हाय काय?"

मुनव्वरनं मान हलवली नाही. "अप्पा, तुमच्या कीर्तनात आज ती हाय न्हवं... ती कल्पना..."

पडद्यावर निळं आकाश होतं. त्यात एक पांढरी रेघ चालली होती. सरळ, सुंदर, लग्नातल्या पाटाभोवती काढावी तशी. बघता बघता त्या एका रेघेच्या दोन झाल्या, मग चार. हिंदीत बोलणारा माणूस संपर्क तुटल्याचं पुन्हा पुन्हा सांगत होता.

"संपर्क तुटलाय म्हंजे..." अप्पा पुढं वाकले. "लागंल की परत?"

"रेडिओचा संपर्क तुटला की आवाज जातोय, अप्पा. ह्ये तर तुकडं दिसत्यात."

आतून टाळांचा आवाज येत होता. ती रेघ परत पहिल्यापासून दाखवली. परत सरळ, परत सुंदर. अप्पांना वाटलं या खेपेला नाही तुटणार. तुटली.

"बंद कर त्यो."

"मी करतो बंद. पर अमेरिकेत काय बंद हुणार हाय?" मुनव्वरनं तरीही बटण फिरवलं. अंधार झाला.

"देवळात कुणाला बोलू नगंस. कीर्तन हुईस्तर."

"मी कशाला बोलू?"

"गादीवरच्या माणसाला मौतीची खबर द्यायची न्हाय. रीत हाय आमच्यात."

"बुवांचं न्हाय इचारत मी," मुनव्वर हळूच म्हणाला. "वैनींचं इचारतोय."

अप्पांचा घसा ओला करायचा राहिलाच. ते परत आले, पेटीपुढं बसले आणि भाता उघडला, तर भाता नेहमीपेक्षा जड लागला. समोर महादेवीअक्का पदर सावरून सरसावून बसल्या होत्या. अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, झटकन मान खाली घातली.

बुवांनी आख्यान सुरू केलं, आणि काय सांगावं, तसं आख्यान त्यांनी पूर्वी लावलं नव्हतं आणि नंतरही लावलं नाही. करनालच्या गच्चीवर झोपून चांदण्या बघणारी पोर त्यांनी नुसत्या हाताच्या इशाऱ्यानं समोर आणली. तिला "पोरीच्या जातीला हे कशाला" म्हणणारी माणसं अशा काही आवाजात बोलून दाखवली की सगळं देऊळ हसलं, आणि हसणाऱ्या प्रत्येकाला आपल्याच घरातलं कुणीतरी आठवलं. अक्का पण हसल्या. लेकीच्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला होता.

अप्पांच्या बोटांना मात्र थारा नव्हता. लय पळत होती. तबलजीचं दोनदा डोळे वटारून बघून झालं. मांडीला मुंग्या आल्या, आणि पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर नजर ठेवावी तर तिथंही ती पांढरी रेघच सरकायला लागली. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, गप बस की रे. एवढी आरती होऊ दे. ती शब्द देईल, पोरीचं कल्याण होईल, मग बातमी काय, उद्या सकाळी कळेलच. शब्द दिल्यावर ती फिरणार नाही. दुसरा नुसताच म्हणत होता, कुणासमोर बसलायस तू?

आख्यान उतरणीला लागलं. बुवांनी उपरणं झटकलं, पाऊल पुढं टाकलं आणि रचलेलं पद धरलं:

*गगनाच्या माळावरी खेळुनी आली,*
*भुईच्या ओटीत लेक उतरली...*

आणि पेटी थांबली.

अप्पांनी ठरवून थांबवली नव्हती. हातच भात्यावरून खाली आला. देवळात एकदम उघडंबोडकं झालं. बुवा पदाच्या मध्यावर एकटे उरले, पण मुरलेला माणूस तो, त्यांनी मान वळवून हसून विचारलं, "काय महालिंगअप्पा, लेक उतरली म्हंटल्यावर तुमची पेटीबी उतरली काय?"

सगळे खदखदून हसले. "रडाय आलं असंल त्यांस्नी," बायकांतून बयाबाई म्हणाली. "पोरगीचा बाप हाय!"

अप्पांनी हात उचलला. पेटी परत वाजू लागली. "म्हणा सगळ्यांनी," बुवा म्हणाले, "आत्ता या घटकेला उतरली असंल ती. टाळ्या वाजवा, ऐकू जाऊ द्या तिकडं!" आणि सगळ्या पेठेनं टाळ्या वाजवल्या. महादेवीअक्का डोळ्यातलं पाणी न पुसता टाळ्या वाजवत होत्या, इतक्या की बांगड्या कोपरापर्यंत चढल्या.

आरतीला पेटी सोडून उठता येत नाही. कर्पूर पेटला, घंटा घणघणली, आरती एका देवाची संपली की दुसऱ्या देवाची सुरू झाली, आणि प्रत्येक कडव्यागणिक अप्पा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत होते. शेवटचा जयजयकार झाला. बुवांनी विभूतीचं तबक हातात घेतलं. बायकांची रांग लागली. अक्का रांगेत उभ्या राहिल्या, मागं विद्याश्री. पुढं चारच बायका. अक्कांचा चेहरा असा काही उजळला होता की त्या काय बोलणार हे कुणालाही कळलं असतं.

पुढची एक बाई कमी झाली. मग दुसरी.

अप्पा उठले. पेटी उघडीच टाकली, भाता सुटा लोंबत राहिला. पायात मुंग्या म्हणून ते अडखळले, कुणाच्या तरी नारळाला पाय लागला. "ओ, ओ, बगून!" कुणी ओरडलं. त्यांनी जाऊन अक्कांचा हात धरला. चारचौघांत बायकोचा हात धरायची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

"जरा भाईर ये."

"आता? लाईन सोडून?"

"ये म्हणतोय न्हवं."

देवळाच्या मागं कडुलिंबाखाली त्यांनी सांगितलं. कसं सांगितलं हे त्यांना नंतर कधीच आठवलं नाही. रेघेचं सांगितलं एवढं खरं. अक्का ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "कवा कळलं तुमास्नी?"

"मध्यंतरात."

"आनि तुमी पेटी वाजवत बसलासा."

अप्पा पायानं कडुलिंबाचा पाला सारत राहिले.

"मी टाळ्या वाजिवल्या, ओ." अक्कांचा आवाज चिरकला. "त्यांची घरची माणसं तिकडं डोळं लावून बसली असतील, आनि मी हितं टाळ्या वाजिवल्या. माझ्या हातनं करवलासा ह्ये." त्यांनी दोन्ही तळहात लुगड्याला घासले, पुन्हा पुन्हा, काहीतरी लागलं असावं तसे.

"तू व्हय म्हणावीस म्हनून..."

"कळलं मला. तेवढं कळतंय मला."

विद्याश्री आईला शोधत आली. "अव्वा, काय झालं? नंबर गेला की आपला." तिनं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी परत सांगितलं. पोरगी कडुलिंबाला टेकली.

"सगळी सात?" तिनं विचारलं.

"सात."

मग ती म्हणाली, "अव्वा, तू न्हाय म्हण. मी नाराज हुणार न्हाय. आज न्हाय म्हणालीस तरी मला समजंल."

अक्कांनी नाक पुसलं. त्या येरझाऱ्या घालायला लागल्या, झाडापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून झाडापर्यंत. एकदम थांबून लेकीला म्हणाल्या, "कशानं झालं असंल?"

"कुणाला म्हाईत. आता शोधतील. पडलेला तुकडा न् तुकडा गोळा करत्यात, जुळवून बगत्यात."

"आनि उडायच्या आदी? आदी कोण बगत न्हाय व्हय?"

"बगत्यात की. माणसं असत्यात त्यासाठीच. एकेक सांधा, एकेक पत्रा..." विद्याश्री अडखळली. "विमानाचं तेच शिकाय बोलवलंय मला, अव्वा. बगायचं काम."

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. पंधरा दिवस घरात विमान हा एकच शब्द फिरत होता, पण पोरगी तिथं नेमकं काय करणार हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. आईनं भीतीपायी नाही आणि बापानं अभिमानापायी नाही.

"आदी बुवांस्नी सांगा," अक्का अप्पांना म्हणाल्या.

"गादीवर हायती ते. रीत..."

"रीत मला शिकवू नगासा आज. ती उतरली म्हणून ते सांगून बसल्यात त्या गादीवरनं. खाली आल्यावर सांगून काय उपेग? गादीवर हायती तवरच नीट करतील ते."

अप्पा आत गेले. बुवांच्या कानाशी लागले. ज्यांनी बघितलं त्यांना वाटलं पेटीवाला काही चेष्टा सांगतोय. बुवांचा विभूतीचा हात कुणाच्या तरी कपाळाशी थांबला. त्यांनी तबक खाली ठेवलं. गळ्यातला हार काढून देवाकडं ठेवला. अप्पांना वाटलं आता हे सगळ्यांसमोर सुनावणार, मी म्हणालो नव्हतो का म्हणून. बुवांनी त्यांच्याकडं फक्त एकदा बघितलं, आणि ते सुनावण्यापेक्षा वाईट होतं.

"बसा सगळी," बुवा म्हणाले. "आख्यान अर्धं ऱ्हायलंय."

चपला घातलेली माणसं परत आली. लहान पोरांना दटावून बसवलं. बुवांनी खरं होतं ते सांगितलं, दोन वाक्यांत, कुठलीही सजावट न करता. म्हणाले, "मी घाई केली. देवानं अजून लिवलं नव्हतं ते मी गाऊन बसलो." मग त्यांनी तेच पद परत धरलं, तोच सूर, फक्त शेवटचा शब्द बदलला:

*भुईच्या ओटीत लेक विखुरली...*

पेटी नव्हती. अप्पा उभेच होते. बुवांनी बोटानं खूण केल्यावर ते जाऊन बसले, आणि जे वाजलं ते सगळ्या देवळाचं रडणं होतं. सात जणांची नावं कुणालाच धड येत नव्हती, तरी बुवांनी सात वेळा टाळी दिली आणि प्रत्येक टाळीला लोकांनी हात जोडले. मुनव्वर दाराच्या बाहेर डोक्याला रुमाल बांधून उभा होता.

मग रांग परत लागली. अक्का गादीसमोर आल्या, विभूती लावून घेतली, आणि बुवा शब्दाची वाट बघत थांबले. अप्पांची बोटं पेटीवर उगाच चाळवत होती, आवाज न करता.

"मी काय शब्द देत न्हाय," अक्का म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. अप्पांची बोटं पट्ट्यांवरच थांबली. "शब्द हिनं द्यायचा." त्यांनी विद्याश्रीला दंडाला धरून पुढं ओढलं. "सोताच्या डोळ्यांनी बगितल्याबिगार कुणालाच वर चढू देणार न्हाय म्हणून. सायेब घाई करू दे, न्हायतर पंतप्रधान येऊ दे. ह्यो शब्द दिला तर जा. न्हाय दिला तर बिद्रीला जा."

विद्याश्रीच्या कपाळाला विभूती लागली. तिनं शब्द दिला. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना "काय म्हणाली? काय म्हणाली?" असं विचारावं लागलं.

घरी जाताना अक्का पुढं, लेक मध्ये, अप्पा मागं. अप्पांनी एकदा खाकरून बघितलं.

"तुमच्यासंगट मी बोलणार न्हाय," अक्का मागं न बघता म्हणाल्या. "पोरीम्होरं बोलाय लागलं तर तेवढंच बोलीन."

सकाळी स्टँडवर बेळगावची एसटी लागली होती. विद्याश्री ट्रंक घेऊन चढायला निघाली तर अक्कांनी तिला थांबवलं. पदर कमरेला खोचला आणि त्या गाडीभोवती निघाल्या. एका टायरवर थाप मारली, दुसऱ्यावर मारली, वाकून खाली बघितलं, मागचा दिवा पदरानं पुसला.

"ओ मावशी," ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काय हरवलंय काय?"

"न्हाय. बगतीया."

"काय बगतासा?"

"कुणीतरी बगाय नगो?" म्हणत त्या पलीकडच्या बाजूला गेल्या. तिकडून बराच वेळ थापांचे आवाज येत राहिले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली नाही, घड्याळाकडं बघत बसून राहिला. आणि अप्पा, दुसरं काय करावं न सुचून, उलट्या बाजूनं टायर बघत निघाले.